सक्षम अधिकारी

प्रतीक्षालयात टेबलावरचा दिवा मधूनमधून किंचित मंद होत होता. तो विझत नव्हता आणि लुकलुकतही नव्हता. एक श्वास घेऊन सोडावा इतका वेळ त्याचा पांढरा उजेड पिवळसर व्हायचा आणि पुन्हा होता तसा व्हायचा. ओद्नीने ते आधी सहज पाहिले, मग मुद्दाम पाहिले. मंद होण्यात ठरावीक अंतर नव्हते. कधी लागोपाठ दोनदा व्हायचे, मग बराच वेळ काहीच नाही. म्हणजे दोष दिव्यात नव्हता. त्याच तारेवर दुसरे कोणीतरी भरपूर वीज ओढत होते, आणि ते एकटे नव्हते.

हा विचार तिथेच राहिला, कारण तेवढ्यात प्रेबेनने तिसरे वॉफल मागून घेतले.

प्रेबेन वेस्सेल हा उत्तर किनारा विमानतळ महामंडळाचा विधी-संचालक. इथे संचालकालाही कोणी अहो-जाहो करत नाही, त्यामुळे बेटावर उतरल्यापासून तो सगळ्यांचा नुसता प्रेबेन होता. तो दुपारच्या विमानाने स्कार्वोयाला आला होता आणि संध्याकाळच्या विमानाने परत जाणार होता. बरोबर काचेच्या चौकटीत बसवलेले प्रमाणपत्र होते: 'स्कार्वोया विमानतळ, संपूर्ण डिझेलमुक्त'. विमानतळप्रमुख म्हणून त्यावर ओद्नीने सही करायची, प्रेबेनने शेजारी उभे राहायचे आणि फोटो काढायचा, असे ठरले होते. सहीची जागा काचेच्या आत राहिली होती. चौकट उघडायला स्क्रूड्रायव्हर हवा होता. तो सिग्वेकडे होता आणि सिग्वे कामात होता.

सिग्वे नेहमीच कामात असे. प्रवाशांच्या बॅगा तपासताना तो निळे जाकीट घालायचा, विमान उतरवून घेताना आणि बर्फ काढताना पिवळे, आणि आगीचा बंब बाहेर काढायची वेळ आली तर लाल. तिन्ही जाकिटे एकाच खुंटीवर असत. दुपारी प्रेबेनला गॅरेज दाखवायला न्यायचे होते, तेव्हा निळ्या जाकिटातल्या सिग्वेने त्याला दारात अडवून कमरेचा पट्टा काढायला लावला.

"आत्ताच तर शिडीखाली माझा हात धरून तू मला उतरवलंस," प्रेबेन म्हणाला.

"तेव्हा मी पिवळ्यात होतो," सिग्वे म्हणाला. "पट्टा ट्रेमध्ये."

गॅरेजमध्ये बर्फ काढायच्या दोन गाड्या होत्या. एक डिझेलची, जुनी. तिचे नाव थोरली. दुसरी विजेची, गेल्या वर्षी आलेली, ती धाकटी. नावे सिग्वेने पाडली होती, आणि आता ती महामंडळाच्या अहवालांतही तशीच छापून येत. थोरलीला पुढच्या आठवड्यात बोटीवर चढवून भंगारात पाठवायचे होते. प्रेबेनने तिच्या फाळावर हात ठेवून पाहिला आणि "बरीच मोठी आहे," असे म्हणाला. मग धाकटीचा फोटो काढला.

स्कार्वोयासारख्या बेटावर विमान आणणे कोणालाच परवडत नाही. सरकार भार उचलते म्हणून ते येते, आणि त्या बदल्यात विमानतळाने बाराही महिने धावपट्टी खुली ठेवायची असते. बर्फ पडला, ही सबब चालत नाही. सार्वजनिक सेवेचे बंधन म्हणतात ते हे. दुसरा नियम नवा होता: विमानतळाच्या कोणत्याही गाडीने डिझेल जाळायचे नाही. फक्त 'अपवादात्मक परिस्थितीत, सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने' थोरली बाहेर काढता येत होती. सक्षम अधिकारी म्हणजे कोण, हे नियमात कुठेच लिहिलेले नव्हते. ओद्नीने पत्राने विचारले. बाब विचाराधीन आहे, असे उत्तर आले. तिने पुन्हा विचारले. बाब विचाराधीनच होती.

बर्फ मात्र विचार करत थांबला नाही. गेल्या हिवाळ्यात ओद्नीने स्वतःच्या जबाबदारीवर दोनदा थोरली बाहेर काढली, विमान उतरवून घेतले आणि किती डिझेल जळले ते प्रामाणिकपणे वर कळवले. दोन्ही वेळा ताकीद आली. दुसऱ्या ताकिदीत एक जास्तीचे वाक्य होते: 'विमानतळप्रमुखांचे पती सदर विमानात प्रवासी होते, याची नोंद घेण्यात आली आहे.' तिसऱ्या ताकिदीला प्रमुखपद जाते, हे खाली बारीक अक्षरांत होते.

त्या वाक्याचा ओद्नीला राग आला नव्हता. ते खरेच होते. हाल्वार्दची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा तो सकाळच्या विमानाने शहरातल्या इस्पितळात डायलिसिसला जाई आणि संध्याकाळच्या विमानाने परत येई. पण पत्र लिहिणाऱ्याला बेट ठाऊक नव्हते, असे तिला वाटले. इथल्या प्रत्येक विमानात प्रत्येकाचे कोणी ना कोणी असते. विमानात ज्याचे कोणीच नाही असा कर्मचारी नेमायचा, तर तो विमानानेच आणावा लागला असता.

त्या ताकिदीनंतर ती नियमाने वागली. त्यामुळे या हिवाळ्यात दोनदा विमान बेटावरून घिरट्या घालून परत फिरले. दोन्ही रात्री हाल्वार्दने इस्पितळाच्या व्हरांड्यातल्या खुर्चीत काढल्या. मुळात तो फार बोलणारा माणूस नव्हता. दुसऱ्या वेळी फोनवर एवढेच म्हणाला, "आणखी एकदा असं झालं ना ओद्नी, की मी इथंच एक खोली बघतो. इस्पितळाला लागून. तू रविवारी येत जा." कोळंबीचा आजचा भाव सांगावा तशा आवाजात तो हे बोलला.

"बरं," ओद्नी म्हणाली होती. फोन बंद झाल्यावर बराच वेळ तो तिच्या हातातच होता.

आज शुक्रवार होता, नाताळच्या आधीचा शेवटचा. हाल्वार्द संध्याकाळच्या विमानात होता. बाहेर दुपारीच काळोख झालेला होता, कारण या दिवसांत सूर्य उगवतच नाही, आणि वॉफल खायला जमलेल्या लोकांच्या डोक्यामागे, मोठ्या काचेपलीकडे, बर्फ पडायला लागला होता. तो सरळ पडत नव्हता. आडवा येत होता.

सिग्वे पिवळ्या जाकिटात आत आला आणि थेट ओद्नीपाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "धाकटी एकोणीस टक्क्यांवर आहे."

"सकाळी किती होती?"

"पंचवीस. पहाटे धावपट्टीवरचा बर्फ काढून आणली ती चार्जरलाच लावली आहे. दिवसभर तिथंच आहे. बाईसाहेब उलट्या चालल्यात."

"बॅटरी स्वतःला गरम ठेवायला वीज खाते," ओद्नी म्हणाली. "चार्जर त्याहून कमी देत असणार. एकोणिसात किती जाईल?"

"अर्ध्या पट्टीपर्यंत. मग तिथंच बसेल. म्हणजे पायलटला बर्फ तर मिळेलच, वर बर्फगाडी फुकट."

ओद्नीने टेबलावरच्या दिव्याकडे पाहिले. दिवा मंद झाला आणि परत उजळला. त्याच क्षणी टेबलावर कुठेतरी बारीकसा कट्ट आवाज झाला. ती टेबलाच्या मागे गेली आणि वाकून तारा पाहू लागली.

दोन वर्षांपूर्वी विमानतळावरचे उपाहारगृह बंद पडले, तेव्हापासून शुक्रवारी शाळेच्या बँडमधल्या मुलांचे आईबाप इथे वॉफल करतात. त्यातून बँडच्या सहलीची सोय होते. तोरिल ही त्यांची म्होरकी. तिची मुलगी ट्रॉम्बोन वाजवते, आणि तोरिलचा आवाजही साधारण त्याच पट्टीतला आहे.

"काय गं शोधतेस खाली?" ती म्हणाली. "काही सांडलंय का?"

"आज वॉफलचे तवे किती आहेत, तोरिल?"

"दहा. एरवी चार असतात. आज संचालक येणार म्हटल्यावर सगळ्यांनी घरून आणले. ताटकळत ठेवलं असं नको व्हायला. का, कमी पडतायत?"

"नाही," ओद्नी म्हणाली. "कमी नाही पडत."

ती उभी राहिली आणि प्रेबेनकडे वळली. बेटावर वीज समुद्राखालून येते आणि विमानतळाला तिचा ठरावीकच वाटा मिळतो. कार्बनमुक्तीच्या योजनेत महामंडळाने इथे एक पेटी बसवली होती. वीज कमी पडली तर कोणाला आधी द्यायची हे ती पेटी ठरवायची. आधी धावपट्टीचे दिवे आणि रेडिओ, मग प्रवासी सेवा, मग उरलीच तर गाड्या.

"प्रेबेन, वॉफल कशात मोडतं?"

प्रेबेनने हातातल्या वॉफलकडे पाहिले. त्यावर तपकिरी चीजचा काप होता. "प्रवासी सेवेत," तो म्हणाला. "शेवटच्या विमानापर्यंत प्रवाशांना गरम अल्पोपाहार मिळाला पाहिजे, ही सार्वजनिक सेवेच्या करारातली अट आहे. उपाहारगृह गेल्यावर बँडच्या वॉफलने ती अट पूर्ण होते, असं आम्ही मान्य केलं. तसं पत्र मीच लिहिलं होतं."

"चांगलं पत्र आहे," तोरिल म्हणाली. "बँडच्या खोलीत लावलंय."

"म्हणजे सकाळपासून धाकटीची वीज वॉफल खात आहेत," सिग्वे म्हणाला. "नियमाप्रमाणे."

रांगेतल्या एका म्हाताऱ्याने आपली कागदी बशी हळूच खिडकीत ठेवली.

"तवे बंद कर, तोरिल," ओद्नी म्हणाली.

"करते की. पण अर्धी बादली पीठ आहे, आणि शेवटच्या विमानापर्यंत गरम द्यायचं हे याचंच म्हणणं."

"विमान उतरलंच नाही तर शेवटचं ते कुठलं?"

तोरिलने त्यावर विचार केला आणि एकेक करून दहाही तव्यांचे प्लग काढले. दिवा मंद व्हायचा थांबला. सिग्वे धावत गॅरेजमध्ये जाऊन आकडा बघून आला. धाकटी आता भरत होती. पूर्ण पट्टी साफ करण्याइतकी भरायला तिला दीड तास लागणार होता. विमान शहरातून निघून गेले होते.

ओद्नी मनोऱ्यावर गेली. मनोरा म्हणजे प्रतीक्षालयाच्या डोक्यावरची एक काचेची खोली. रेडिओवर बोलणारा माणूस तापाने आडवा होता, म्हणून आज ते कामही तिच्याकडे होते. तिच्या मागोमाग प्रेबेन जिना चढून आला. बशी त्याच्या हातातच होती.

रेडिओवर बेनेदिक्ते होती. संध्याकाळच्या विमानाची पायलट बहुतेक वेळा तीच असे. "स्कार्वोया, पट्टी कशी आहे?"

"घोट्याएवढा कोरडा बर्फ. सगळीकडे. वारा उत्तरेचा, पट्टीला थोडा तिरपा."

"साफ होतेय का?"

"थांब. सांगते."

"अर्धा तास फिरू शकते मी. त्यानंतर मागे वळेन."

"ठीक."

ओद्नीने बटण सोडले आणि खुर्ची प्रेबेनकडे फिरवली. "सक्षम अधिकारी कोण आहे?"

"ती बाब..."

"विचाराधीन आहे, ते माहीत आहे मला. माझ्याकडे पत्रं आहेत. मी आत्ताचं विचारते आहे."

"विमानतळप्रमुख तू आहेस. परिस्थिती तुझ्या डोळ्यांसमोर आहे."

"म्हणजे मी?"

"तसं मी म्हटलं नाही."

"मी सक्षम असेन तर मागच्या दोन्ही ताकिदी चूक आहेत. त्या मागे घे. नसेन, तर आदेश दुसऱ्या कोणाचा तरी हवा."

प्रेबेनने खोलीभर पाहिले. खोलीत ते दोघेच होते.

टेबलावरच्या वॉकीटॉकीतून सिग्वेचा आवाज आला. "ओद्नी, थोरलीला नुसती दारात आणून ठेवू का? चालू न करता."

"चालू न करता कशी आणशील?"

"ढकलत. बँडचे आईबाप आहेत की खाली."

"नको. तिथंच थांब."

प्रेबेनने बशी खिडकीत ठेवली. बाहेर पट्टीचे दिवे दिसत होते, पण पलीकडच्या टोकाचे आता दिसेनासे झाले होते. "ते शब्द मीच घातलेत," तो म्हणाला. "पहिल्या मसुद्यात 'विमानतळप्रमुख' होतं. मंडळ म्हणालं, मग प्रत्येक प्रमुख रोजच अपवाद करेल. म्हणून 'संचालक' केलं. तर संचालक म्हणाले, त्यात मीही होतो, की ऑस्लोत बसून आम्हाला बर्फ कसा दिसणार. मग 'सक्षम अधिकारी' लिहिलं. ते सगळ्यांना पटलं."

"कारण त्यात कोणीच नव्हतं."

"हो," प्रेबेन म्हणाला. "मसुदा त्याच बैठकीत मंजूर झाला. एरवी तीन बैठका लागतात."

"आज तू ऑस्लोत नाहीस."

"नाही."

"बर्फ दिसतोय?"

"दिसतोय." तो जरा थांबला. "पण मी याच विमानाने परत जाणार आहे, ओद्नी. आदेश मी दिला तर काय लिहिलं जाईल, की नियम करणाऱ्या संचालकाने स्वतःला घरी जायचं होतं म्हणून तो मोडला."

"आणि मी दिला तर, नवऱ्याला घरी आणायचं होतं म्हणून. ते तर तुझ्या कचेरीनं आधीच लिहून ठेवलंय."

"तो आहे त्यात?"

"आहे. बावीस जणांतला एक." ओद्नीने काचेवरचा आतून धरलेला ओलावा बाहीने पुसला. "तुला सगळं सांगून ठेवते, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर तुला माहीत नव्हतं असं व्हायला नको. या हिवाळ्यात दोनदा विमान परत फिरलं. दोन्ही वेळा मी थोरली काढली नाही, कारण तुझी पत्रं होती. आज तिसऱ्यांदा फिरलं तर हाल्वार्द शहरात खोली घेणार आहे. तो बोलला की करतो. मग तो तिकडे आणि मी इकडे. माझं नातं यात आहे, हे मी जाहीर करते आहे. म्हणून आदेश माझा नको."

वाऱ्याचा वेग सांगताना तिचा आवाज असतो तसाच आत्ताही होता. प्रेबेनने खिशातून हातरुमाल काढला, बोटाला लागलेले चीज पुसले आणि रुमाल घडी करून परत ठेवला.

ओद्नी स्वतःशी दुसराच हिशेब करत होती. प्रेबेन काहीच बोलला नाही तर शेवटच्या पाच मिनिटांत आपण काय करणार? वॉकीटॉकी हाताशी होती. दोन शब्द बोलले की सिग्वे निघाला असता, विमान उतरले असते, हाल्वार्द आज आपल्या पलंगावर झोपला असता. सोमवारी प्रमुखाच्या खुर्चीत दुसरे कोणीतरी आले असते, आणि पुढच्या बर्फात त्यानेही हाच प्रश्न विचारला असता, आणि त्यालाही बाब विचाराधीन आहे असेच उत्तर मिळाले असते. काय करायचे ते तिला ठाऊक नव्हते. ते तिच्याकडेही विचाराधीन होते.

"स्कार्वोया," बेनेदिक्ते म्हणाली. "दोन फेऱ्या झाल्या. आणखी एक मारते, मग वळते. लोक विचारतायत मागे."

"ऐकलं. बर्फगाडी तयार आहे. निर्णय प्रलंबित आहे."

"कोणाकडे?"

ओद्नीने मायक्रोफोनचा दांडा हळूच प्रेबेनच्या बाजूला वळवला. "इथलं सगळं बोलणं टेपवर जातं," ती त्याला म्हणाली. "तू बोललास तर तेही जाईल. न बोललास तर तेही."

प्रेबेन मायक्रोफोनकडे पाहत राहिला. "पुढचं विमान केव्हा आहे?" त्याने विचारले.

"शनिवारी नसतं. रविवारी संध्याकाळी."

"उद्या माझी मुलगी चर्चमध्ये गाते आहे. पहिल्यांदाच एकटी."

"हं," ओद्नी म्हणाली.

"राहायला काही मिळतं इथं?"

"तोरिलच्या घरी वरची खोली असते. पीठ शिल्लक आहे तिच्याकडे."

प्रेबेनने मान हलवली. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, जणू त्याला बराच वेळ बसायचे होते. जिन्यातून खाली प्रतीक्षालयातल्या लोकांची फक्त डोकी दिसत होती, सगळी काचेकडे वळलेली.

"हे दाबायचं का?"

"दाबून धरायचं. आणि सावकाश बोल."

त्याने बटण दाबले. आधी नुसताच खाकरला, तेही टेपवर गेले.

"मी प्रेबेन वेस्सेल, महामंडळाचा विधी-संचालक, स्कार्वोयाच्या मनोऱ्यातून बोलतो आहे. या परिस्थितीत सक्षम अधिकारी मी आहे. थोरली बाहेर काढा. आदेश माझा आहे. आणि परतीच्या विमानातली माझी जागा रद्द करा."